सतरा नंबरच्या छातीवरचा डाग

राष्ट्रीय फुटबॉल संघात पुढे कोण खेळणार, हे काही वर्षं आमच्या लाँड्रीत ठरत होतं. संघटनेला ते माहीत नव्हतं, कोचला माहीत नव्हतं आणि खेळाडूंना तर त्याचा पत्ताच नव्हता. आता त्यांच्या अज्ञानाला मी काय करणार?

संघाचं शिबिर आमच्या मागच्या मैदानावर भरायचं. सरावाचा सामना झाला की सगळे शर्ट गाठोड्यात बांधून आमच्याकडे यायचे. ते आणणारा माणूस संघाचं सामान सांभाळायचा. त्याला आम्ही गाठोडेराव म्हणायचो. लाँड्रीत मशिनं माझा मेव्हणा चालवायचा, काउंटर बायको सांभाळायची, तुटलेली बटणं आणि उसवलेल्या शिवणी काजताई बघायच्या आणि डाग मी काढायचो. मेव्हण्याच्या मते डागसुद्धा मशीनच काढायचं, मी फक्त डागांना नावं ठेवायचो. मेव्हणाच तो, त्याचं काय मनावर घ्यायचं?

पण डाग वाचायला मशीनला येत नाही. ते मला यायचं. मैदानाला चहूबाजूंनी उंच पत्रे लावलेले, त्यामुळे सराव आम्ही कुणी कधी पाहिला नाही. गरजच नव्हती. छातीवर हिरवा पट्टा म्हणजे गडी चेंडूवर झेपावला. पाठीवर हिरवा म्हणजे दुसऱ्यानं त्याला लोळवलं. खांद्याला माती म्हणजे धक्काबुक्की, आणि कॉलर चावलेली असली तर गोल हुकला. एकदा एका बाहीतून जिवंत बेडूक निघाला, आणि त्यावरून मी सांगून टाकलं की परवाच्या सामन्यात गोलकीपर डावीकडे पडणार. पडला की नाही ते कळलं नाही, पण बेडूक खरा होता. निदान ओला तरी होता.

त्या वर्षी संघात स्ट्रायकरची एकच जागा रिकामी होती आणि तिच्यासाठी तिघे होते. अकरा नंबर माझा. त्याचा शर्ट यायचा तो चिखलानं ताठ होऊन, भिंतीला टेकवून उभा करता येईल असा. त्याला आम्ही रेडा म्हणायचो. नऊ नंबर मेव्हण्याचा. त्याच्या शर्टाला घामाचा वाससुद्धा जेमतेम असायचा. तो बगळा. सतरा नंबर कुणाचाच नव्हता.

"बगळ्यानं खाली कशाला पडायचं?" मेव्हणा मशीनचं झाकण आपटत म्हणायचा. "डोकं असलेला माणूस उभ्यानं गोल करतो, दाजी."

"उभ्यानं तर पोस्टमनही पत्र टाकतो. घ्या त्याला संघात!"

"तुमचा रेडा नुसतं मैदान नांगरतो."

"नांगरू दे की! बगळ्याचा शर्ट धुवायला टाकताना माझाच जीव खालीवर होतो. तसाच परत दिला तरी कुणाला कळायचं नाही."

"दिला होता की एकदा," काउंटरवरून बायको म्हणायची. "आणि कुणाला कळलं नाही. पुढे बोला."

"आणि सतरा नंबरचं काय?" गाठोडेराव मुद्दाम काडी टाकायचा.

"तो पाहुणा आहे," मी म्हणायचो. "येतो, बाकावर बसतो, पाणी पितो, सगळ्यांना नमस्कार करून जातो. त्याच्या शर्टाला डाग कुठला लागणार? लागलाच तर बाकाच्या रंगाचा!"

यावर सगळे हसायचे. काजताई तेवढ्या मान खाली घालून दोरा ओवत असायच्या. त्यांना विनोद कळत नाही असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून पाहुण्याचा विनोद मी त्यांच्याकडे तोंड करून, जरा मोठ्यानं, पुन्हा एकदा सांगायचो.

वादात शेवटचा शब्द आपला असावा म्हणून मी कोचला मध्ये आणला. खरं तर कोचची आणि माझी गाठ एकदाच पडली होती. तो गाडीतून उतरत होता, मी दारापाशी उभा होतो. तो म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला." मी बाजूला झालो. एवढीच ती चर्चा. पण लाँड्रीत पोचेपर्यंत कोच मला भेटला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मला थांबवून विचारलं होतं. त्याच आठवड्यात तो "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायला लागला. पुढे पुढे तर तो मला इतके फोन करायला लागला की मलाच त्याचा कंटाळा आला.

"कोचचा फोन आला तर सांग, मी कामात आहे," असं मी बायकोला सगळ्यांसमोर बजावायचो.

"कोणत्या कामात म्हणून सांगू?" ती विचारायची.

शेवटचा सराव सामना जवळ आला. त्यानंतर संघ जाहीर होणार होता. एका दुपारी मेव्हणा मशीनचा पट्टा आणायला गेला होता, बायको जेवायला घरी गेली होती. मी टेबलावर एका सॉसच्या डागाशी झटापट करत होतो. काजताई समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात सतरा नंबरचा शर्ट, घडी केलेला.

"काका, एक काम होतं."

"बोला की."

"तुमचं कोचसाहेबांशी बोलणं होतं ना? याच्याबद्दल एक शब्द टाकाल?"

मला हसू आलं. "पाहुण्याबद्दल? तुम्हाला त्याचा कशाला एवढा पुळका?"

"माझा मुलगा आहे तो."

माझ्या हातात स्पिरिटची बाटली होती. ती मी तोंडाला लावली नाही, एवढंच.

"अहो, मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? संघात आला की पेढा... जाऊ द्या. आला की सांगणार होते. बाकावर बसलाय हे काय सांगायचं? ते तर तुम्हीच रोज सांगत होता."

असं म्हणताना त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. रागाला मी उत्तर देऊ शकतो. माझं लग्न होऊन बरीच वर्षं झाली आहेत. पण त्या नुसत्या शर्टाची घडी पुन्हा पुन्हा नीट करत होत्या.

"ही त्याची शेवटची खेप आहे," त्या म्हणाल्या. "नाही घेतलं तर त्याच्या मामाच्या गोदामात कामाला जायचं ठरलंय. तो काही बोलत नाही. पण हल्ली घरी आला की खेळायचे बूट बाहेरच ठेवतो, आत आणत नाही. मी त्याला निवडा म्हणत नाही, काका. एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळवून बघा, एवढंच सांगा. मग नाही म्हणाले तरी चालेल."

खरं बोलायला याहून चांगली वेळ मला जन्मात मिळाली नव्हती. मी घसा खाकरला, ताठ बसलो आणि म्हणालो, "आजच सांगतो."

संध्याकाळी मी शिबिराच्या फाटकावर गेलो. वॉचमननं विचारलं, "कोण?"

"कोचचा मित्र."

"कोचला मित्र नाहीत," तो म्हणाला आणि फाटक लावून घेतलं. माझ्यापेक्षा कोचची जास्त माहिती असलेला माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

परत येताना मला ती कल्पना सुचली. आता विचार केला की वाटतं, त्यापेक्षा फाटकावरून उडी मारली असती तर निदान पाय मोडून सुटलो असतो. पण तेव्हा वाटलं, वा! कोचशी बोलायची गरजच काय? शर्ट बोलेल की!

दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी बॉयलरच्या मागच्या भेगेत उगवलेलं गवत उपटलं, सतरा नंबरचा शर्ट टेबलावर ताणून बसवला आणि छातीवर गवत घासायला लागलो. सारा जन्म डाग काढण्यात गेलेला. लावायची सवयच नाही. पहिला पट्टा पोपटासारखा दिसायला लागला. मग मी त्याला नीट तिरका केला, डाव्या कुशीतून उजव्या खांद्याकडे, म्हणजे गड्यानं धावत येऊन आडवी झेप घेतली हे आंधळ्यालाही कळावं. त्यावर वाफेची इस्त्री धरली. गवताच्या डागाला गरम वाफ द्यायची नसते, दिली की तो जन्माचा चिकटतो. आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी हेच शिकवतात. मी मन लावून वाफ दिली. मग तो शर्ट धुतलेल्या शर्टांच्या मधोमध ठेवून गाठोडं बांधून टाकलं.

माझा हिशेब साधा होता. कपडे बदलायच्या खोलीत सगळे शर्ट पांढरे टांगलेले असणार, त्यात हा एक. कोच थबकणार. बोट फिरवून म्हणणार, काय झेप आहे ही! आणि आपण याला बाकावर बसवतो?

धुऊन आलेल्या शर्टावर डाग दिसला की लोक झेप बघत नाहीत, लाँड्रीला शिव्या देतात. त्या शिव्या मी जन्मभर खाल्ल्या होत्या. तरी त्या सकाळी हे माझ्या डोक्यात आलं नाही. आम्ही सगळेच शर्ट वाचतो, तर सगळं जग वाचत असणार अशी माझी खात्री होती.

सामन्याच्या दिवशी अंधार पडायच्या आत गाठोडेराव आला. गाठोडं त्यानं ठेवलं नाही, आदळलं.

"कुणी केलं हे?"

"काय?" मेव्हणा म्हणाला.

"सतरा नंबरच्या छातीवर कुरण उगवलं होतं! कोचनं शर्ट उचलून सगळ्यांसमोर धरला. म्हणाला, कुठली लाँड्री ही? उद्यापासून बंद करा."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, पण अशा वेळी ती आधी माझ्याकडेच बघते आणि सहसा चुकत नाही. काजताईंचा हात सुईसकट थांबला होता.

"मग?" मी विचारलं. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"मग काय, तो पोरगा उठला. तुमचा पाहुणा. म्हणाला, साहेब, लाँड्रीची चूक नाही. शर्ट धुऊन आल्यावर मीच घालून मैदानावर गेलो होतो, झेप घेऊन डोक्यानं मारायचा सराव करायला. कोच म्हणाला, आणि डाग एकच? तर हा म्हणतो, झेप एकदाच घेतली. एकदाच का? तर म्हणे, पहिल्याच झेपेत गोल झाला, साहेब."

मेव्हणा खो खो हसला. "आणि कोचला पटलं?"

"छे! गाठोडं मी तिथंच सगळ्यांसमोर उघडलं होतं, त्याआधी शर्ट कुणाच्या हाती लागलाच नव्हता. कोच त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. पोराचा चेहरा असा, की देवळात उभा आहे. शेवटी कोच म्हणाला, तू धडधडीत खोटं बोलतोयस हे मला माहीत आहे, तरी तुझ्या तोंडावरून कळत नाही. मग गोलकीपरला काय कळणार? चल, आज पहिल्यापासून खेळ."

"आणि?" हे काजताई म्हणाल्या.

"आणि काय! एकीकडे बघतो, दुसरीकडे मारतो. दोन गोल. बगळा आणि रेडा बाकावर एकमेकांच्या शेजारी. संघात घेतला त्याला, बगळा राखीव."

काजताईंनी सुई शांतपणे सुयांच्या गादीत टोचली आणि पदरानं तोंड झाकलं. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प राहावं. मी म्हणालो, "मी कोचला सांगितलंच होतं."

माझा इलाज नाही हो. तोंड माझं आहे, पण चालवतो दुसराच कुणीतरी.

बाकीचे पांगल्यावर मी त्यांच्या शिलाई मशीनपाशी गेलो. "काजताई, तो डाग मी लावला. आणि कोचला मी ओळखत नाही."

"माहीत आहे."

"डागाचं?"

"कोचचं. सगळ्यांनाच माहीत आहे, काका."

"मग मला कशाला सांगितलंत शब्द टाकायला?"

त्यांनी जरा विचार केला. "कुणाला तरी सांगायचं होतं. आणि तो पाहुण्याचा विनोद बंद व्हावा, असंही वाटत होतं."

मग आला पहिला सामना. मेव्हण्यानं काउंटरवर टीव्ही लावला. गिऱ्हाईकं कपडे घ्यायला आली ती तिथंच उभी राहिली. सतरा नंबर मैदानावर उतरला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि बाजूच्या गिऱ्हाइकाला सांगितलं की हा आपल्या घरचा माणूस. थोड्याच वेळात आपल्या घरच्या माणसानं रिकामा गोल समोर असताना चेंडू आकाशात धाडला.

"काढा त्याला!" काजताई ओरडल्या.

आम्ही सगळे वळून बघायला लागलो.

"अहो, तुम्ही आई आहात त्याची!" मी म्हणालो.

"म्हणूनच सांगते. डावा पाय त्याला लहानपणापासून फक्त जिना उतरायला माहीत आहे. बगळ्याला आणा!"

"बघा!" मेव्हणा टुणकन उडाला. "ताईंना कळतं खेळातलं."

"असं कसं, असं कसं?" मी म्हणालो. "पहिलाच सामना आहे पोराचा. वारा होता मैदानावर."

"कसला वारा? झेंडा बघा, लटकलाय नुसता. तुम्ही त्याची बाजू घेऊ नका, काका, तो अजून लाडावेल."

अशा रीतीनं सतरा नंबरच्या बाजूनं भांडणारा अख्ख्या लाँड्रीत मी एकटा उरलो. घामाघूम होऊन मी त्याचे गुण सांगत होतो. निम्मे मला तिथल्या तिथे सुचत होते. आई एकेक गुण खोडून काढत होती. तेवढ्यात तो पुन्हा चेंडू घेऊन सुटला. काजताई स्टुलावरून उठल्या, माझं मनगट धरलं आणि दाबत राहिल्या.

"मारू नको... थांब... दुसऱ्याला दे, तुला नाही जमायचं... दे रे... मार! मार!"

त्यानं काय केलं ते मला दिसलं नाही, कारण त्या बरोबर माझ्यासमोर उभ्या होत्या. मेव्हण्यानं मला कडकडून मिठी मारली, त्यावरून गोल झाला असावा. शुद्धीत असताना तो असं करत नाही.