काजताईच्या बोटांना सापडलेली गाठ

मित्रांनो, आरोग्य केंद्रातल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, एका फाटक्या खोक्यात पडून असलेला मी एक जुना रबरी नमुना आहे. कशाचा, ते सांगताना मोठी माणसं आवाज खाली आणतात. मी आणणार नाही. मी स्तनाचा नमुना आहे. व्याकरणाने मला पुल्लिंगी करून टाकलं, त्याला माझा इलाज नाही.

मला एका वयस्क कारागिराने घडवलं. साच्यात पातळ रबर ओतताना तो आत तीन गाठी बसवी. एक द्राक्षासारखी, बोटाखालून निसटणारी. दुसरी पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी. तिसरी वाटाण्याएवढी, कडक, खडबडीत आणि खाली घट्ट चिकटलेली. ही तिसरी त्याने दोनदा काढून पुन्हा लावली. शेजारच्याने विचारलं, "इतकं काय निरखतोस तिला?"

"माझ्या बहिणीची कुणाच्या हाताला लागलीच नव्हती," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला.

तिथून मी आलो सिस्टरच्या पिशवीत. सिस्टर म्हणजे या केंद्राच्या परिचारिका. बोलण्यात फटकळ, पण चालताना कुणी मागे राहिलं तर थांबणाऱ्या. पाळीचा त्रास, अंगावरून जाणं, पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा दिसणारं रक्त, असं सगळं त्या तक्ते लावून समजावत. शेवटी माझी पाळी येई. मला हातोहात फिरवलं जाई. बायका आधी तोंडाला पदर किंवा रुमाल लावत, मग एखादी म्हणे, "सिस्टर, हा बशीत घालून आणला असता तर खरवस समजून खाल्ला असता आम्ही." हशा पिकला की हात मोकळे होत. त्या काळी माझं फार कौतुक झालं. खोटं का बोलू, मला ते आवडायचं.

एकदा आम्ही तयार कपड्यांच्या कारखान्यात गेलो. जेवणाची सुट्टी होती. मला टेबलावर ठेवताच मुकादमाला बाहेर काहीतरी तातडीचं काम आठवलं. काज-बटणाच्या विभागात एक चाळिशीची बाई होती. सगळे तिला काजताई म्हणत. दिवसाला शेकडो काजं तपासायची, एखादा धागा सुटला तर न पाहता बोटांनी ओळखायची. इतर बायकांना तिसरी गाठ सापडायला वेळ लागे. काजताईचं बोट मात्र थेट तिच्यावर जाऊन थांबलं आणि तिथेच राहिलं.

सगळ्या पांगल्यावर ती सिस्टरजवळ आली.

"ही जी खालची आहे ना, अशीच मला आहे. दुखत नाही, म्हणून सोडून दिली."

"किती दिवस झाले?"

"तीनेक महिने. माझी जाऊ म्हणाली, दूध साठलं असेल."

"धाकटं मूल केवढं आहे तुमचं?"

"एकच मुलगी. पंधरा वर्षांची." बोलता बोलता काजताई स्वतःच हसली. पण ते हसू लगेच विरलं.

सिस्टरनी तिला प्रथमोपचाराच्या खोलीत नेलं, दाराला कडी लावली आणि तपासलं. गाठीवरची कातडी किंचित आत ओढली गेली होती. काखेतही बारीकसं काही लागत होतं. सिस्टरनी चिठ्ठी लिहिली. "नुसत्या हाताने काही पक्कं सांगता येत नाही. मोठ्या रुग्णालयात फोटो काढतील, सुईने गाठीचा छोटा तुकडा घेऊन तपासतील. मग कळेल. पुष्कळ गाठी साध्या असतात, पण ही दाखवायलाच हवी. या आठवड्यात जा."

"मुलीची परीक्षा आहे. ती झाली की जाते."

"नक्की?"

"नक्की."

सिस्टरना पुढच्या वस्तीत पोहोचायचं होतं. त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि आम्ही निघालो.

परीक्षा झाली. मग कारखान्यात मोठी मागणी आली, रजा मिळेना. मग सासरे आजारी पडले. घरात प्रत्येकाचं काही ना काही निघत गेलं आणि काजताईचं मागे पडत गेलं. सिस्टर पुन्हा त्या कारखान्यात गेल्या तेव्हा सात महिने उलटले होते. चिठ्ठी तिच्या डब्याच्या पिशवीतच होती, घड्या पडून मऊ झालेली. या वेळी सिस्टर तिला तिथूनच हाताला धरून घेऊन गेल्या.

तुकड्याचा अहवाल आला. कर्करोग होता आणि पुढच्या तपासण्यांत तो हाडांपर्यंत पोहोचल्याचं दिसलं.

उपचार झाले, बरेच झाले. मधे एकदा काजताई डोक्याला रुमाल बांधून आमच्या शिबिरात आली. तिने मला हातात घेतलं आणि बायकांना सांगितलं, "दुखायची वाट बघू नका. मी बघितली." एवढंच बोलून ती खाली बसली. औषधांमुळे तिच्या बोटांना आता मुंग्या येत. माझ्यातली कोणतीच गाठ तिला नीट लागत नव्हती.

दीड वर्षाने ती गेली. बातमी ऐकली त्या दिवशी सिस्टरनी कुणालाच काही शिकवलं नाही. मला मांडीवर घेऊन त्या रिकाम्या बाकावर बसून राहिल्या.

पुढे दोन वर्षांनी एक मुलगी केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. आत येईना. काजताईची मुलगी. तिलाही गाठ लागली होती. सिस्टरनी मला तिच्यापुढे ठेवलं.

"तुझी यातल्या कुठल्या गाठीसारखी वाटते?"

तिचं बोट द्राक्षासारख्या गाठीवर आलं. "अशी. दाबली की पळते."

सिस्टरना अंदाज आला असणार. पण 'काही नाही, जा घरी' असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी केंद्राला कुलूप लावलं, तिच्याबरोबर गेल्या, सोनोग्राफीच्या रांगेत उभ्या राहिल्या, सुईच्या तपासणीच्या वेळी बाहेर बसल्या. अहवाल साधा निघाला. तरुण मुलींमध्ये अशा निरुपद्रवी गाठी नेहमी आढळतात, लक्ष ठेवलं की पुरतं, असं डॉक्टर म्हणाले.

केंद्रात परत आल्यावर मुलगी रडू लागली. सिस्टरना वाटलं, सुटकेचं रडू असेल.

"आईची पण अशीच असती तर?" ती म्हणाली.

सिस्टर म्हणाल्या, "तिला चिठ्ठी दिली, पण सोबत गेले नाही मी. ते मला डाचतं."

जाताना मुलीने सिस्टरचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

आता सिस्टर निवृत्त झाल्या आहेत. माझं रबर चिकट झालंय, एका कडेला चीर गेली आहे. केंद्रात नवे नमुने आले, तेव्हापासून मी या फळीवर आहे. मला पुसा, जपा असं मी म्हणत नाही. माझं काम संपलं.

मागणं आहे ते तुमच्या घरातल्या बायकांसाठी. आई, मावशी, आत्या, ताई यांपैकी कुणी म्हणाली की छातीत काही लागतंय, स्तनाचं बोंड आत गेलंय, त्यातून स्राव येतोय, पाळी नसताना रक्त जातंय, तर हसू नका आणि लाजून निघूनही जाऊ नका. बहुतेक वेळा साधंच निघेल. पण साधं आहे हे तपासणीने ठरू द्या. तिला कामं असतीलच. त्या दिवशी भांडी तुम्ही घासा, आजोबांना औषध तुम्ही द्या आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा.