कॉफी कुणी धरत नाही

आमच्या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत, हे माझा नवरा ताउनो अशा थंडपणे सांगायचा, की जणू आमच्या शेतात बटाटा उशिरा निघतो एवढंच सांगतोय. माझे सासरे सत्तेचाळिसाव्या वर्षी लाकूडतोडीवर असताना गेले. मोठा दीर सेहेचाळिसाव्या वर्षी गवत कापता कापता खाली बसला, तो उठलाच नाही. त्या वसंतात ताउनोला सेहेचाळीस पूर्ण झाली. त्यानं मला ट्रॅक्टर चालवायला शिकवला, घराची कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवलं आणि नवी होडी बांधायचा बेत सोडून दिला.

"का सोडलास?" मी विचारलं.

"लाकूड वाळायला दोन वर्षं लागतात," तो म्हणाला आणि गोठ्यात निघून गेला.

मला असा राग आला की हातातली बादली फेकून मारावीशी वाटली. मला लहानपणापासून 'का' विचारायची खोड आहे. मास्तर म्हणायचे, साइमाच्या तोंडात एकच शब्द आहे. आणि माझ्याच घरात माणसं खुशाल मरत होती, पण का मरतात हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं!

म्हणून आरोग्य केंद्राचं पत्र आलं, तेव्हा मी ताउनोला हाताला धरून नेलं. फिनलंडच्या या उत्तर करेलियातल्या आम्हा लोकांची हृदयं इतकी का बंद पडतात, ते शोधायचं सरकारनं ठरवलं होतं. मंगळवारी सकाळी शाळेत तपासणी, उपाशीपोटी यावं, असं पत्रात होतं.

तिथे सिस्टर इर्मेली होत्या. वय असेल तिशीचं, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी ताउनोच्या दंडाला रबरी नळी बांधली, सुई उचलली आणि विचारलं, "उपाशी आलात ना?"

"काल रात्रीपासून घास खाल्लेला नाही," ताउनो छाती फुगवून म्हणाला.

"प्यायलात काही?"

"नाही. नुसती कॉफी."

"काळी?"

"छे! साय घालून."

"आणि चीज," मी म्हणाले. खोटं कशाला बोला? माझ्या माहेरी कॉफीत चीजचे तुकडे टाकतात, आणि ताउनोलाही मी तीच सवय लावली होती.

सिस्टरनी सुई खाली ठेवली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आमचं काय चुकलं, ते खरंच कळेना.

"किती कप?"

"तीनच," ताउनो म्हणाला. "पण सिस्टर, कॉफी म्हणजे काय जेवण आहे का? कॉफी कुणी धरत नाही."

सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी बीपी बघितलं. वरचं एकशे अठ्ठ्याहत्तर, खालचं एकशे दहा. रक्तासाठी गुरुवारी परत बोलावलं. मग टेबलाच्या खणातून एक चौकटीची वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्ही काय खाता ते मला सांगू नका. जे धरत नाही, तेवढंच यात लिहून आणा."

त्या वहीनं मला वेड लावलं. गुरुवारी रक्त देऊन झालं, तरी माझं लिहिणं थांबेना. पेन्सिल एप्रनच्या खिशात ठेवून मी नवऱ्याच्या मागे हिंडू लागले. शनिवारी सौनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीतून, बाहेर आलो की तिथल्याच तापल्या दगडांवर भाजलेला सॉसेज खायचा, पण तो जेवणात धरत नाहीत, कारण तो सौनाचा भाग. बटाट्याच्या पाण्यात मूठभर मीठ पडतं, ते धरत नाहीत, कारण ते पाण्यात पडतं. तव्यावरचं लोणी तव्याचं. पावावरचं लोणी मात्र आम्ही प्रामाणिकपणे धरत होतो, आणि मला वाटायचं की आपण फार काही खात नाही.

एका सोमवारी मी लोणी वजन करून वेगळं ठेवलं. पुढच्या सोमवारी त्यातलं दीड किलो गेलेलं होतं. घरात माणसं दोन!

"हल्ली माझ्या घासावर पोलीस बसलाय," ताउनो म्हणायचा.

"पोलीस विचारत तरी नाही, सरळ पकडून नेतो," मी म्हणायचे.

सिगारेट त्यानं ईस्टरलाच सोडल्या होत्या, असा माझा समज होता. एके दिवशी सकाळी तो दुधाच्या कॅन रस्त्यावरच्या ओट्यावर ठेवायला गेला, आणि मी झुडपाआडून बघते तर स्वारी धूर काढतेय.

"ही कुठली पद्धत रे?"

तो दचकला, पण हार मानेना. "अगं, ही घरातली नाही. दुधाची गाडी येईपर्यंतची आहे. ही कशी धरायची?"

मी तिथेच, कॅनवर वही ठेवून, ती धरली.

रक्तातल्या चरबीचा आकडा आला, तोही बीपीच्याच जातीचा, चढलेला. मग मी साय काढलेलं दूध टेबलावर ठेवायला लागले. आमच्याकडे ते वासरांना घालतात. पहिल्या दिवशी ताउनोनं पेला उचलला, माझ्या डोळ्यात बघून लांबलचक हंबरला आणि पिऊन टाकलं. मीठ निम्मं केलं तेव्हा दोन आठवडे तो तोंड वाकडं करून जेवला. नंतर एकदा बहिणीकडचं जेवण आवडलं नाही म्हणत घरी आला. का, विचारलं तर म्हणाला, "खारट होतं." मला हसू आवरेना. माणसाची जीभ इतकी बदलते, हे मला कुणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. मला तर आता त्याचं सगळंच जाणून घ्यायचं होतं. चढ चढताना किती वेळा थांबतो, झोपेत घोरतो किती, सौनात किती वेळ बसतो. तीन महिन्यांत मी एक वही संपवली आणि दुसरी आणली.

सप्टेंबरात एके सकाळी कुऱ्हाडीचा आवाज आला. जाऊन बघते तर तळ्याकाठचा सरळसोट पाइन ताउनोनं पाडला होता.

"कशाला पाडलास?"

"होडीला," तो म्हणाला. घाम पुसला आणि लगेच पुन्हा फांद्या छाटायला लागला.

मी घरात येऊन चुलीपाशी बसून रडले. आनंदानं रडले, लपवायचं कशाला?

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी होती. वरचं एकशे छप्पन्न. सिस्टर इर्मेलींनी दोन्ही वह्या पानन् पान चाळल्या आणि म्हणाल्या, "साइमा, तुम्ही तर आमच्या पथकात यायला हवं." मी फुलून गेले. पेन्सिल खिशात ठेवून उठणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आता तुमची बाही वर करा."

"माझी? मी नुसती सोबत आलेय."

"करा तर खरी."

त्यांनी एकदा हवा भरली. मग दुसऱ्यांदा भरली. चष्मा काढला.

"एकशे शहाण्णव. खालचं एकशे अठरा. सकाळी डोकं दुखतं का?"

"दुखतं थोडं," मी म्हणाले. "रोजचंच आहे. ते काय..."

'धरायचं' हा पुढचा शब्द तोंडात आला आणि तिथेच अडकला. सिस्टरनी खाली मान घालून विचारलं, "आई आहे का तुमची? नसली तर कशानं गेली?"

आई बावन्नाव्या वर्षी, एका दुपारी, थकवा वाटतो म्हणून आडवी झाली. दूध काढायच्या वेळी उठली नाही. 'दमली होती बिचारी,' असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. आयुष्यभर कोंबडी अंडी का घालत नाही हेसुद्धा मी विचारलं, पण आईच्या वेळी मी 'का' म्हटलं नव्हतं.

ताउनो उठला. मला वाटलं, टोमणा मारणार, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. पण त्यानं माझ्या खिशात हात घालून पेन्सिल काढली, वहीचं कोरं पान उघडलं आणि वर माझं नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

"सकाळपासून कॉफी किती झाली?" त्यानं विचारलं.

"अरे, घरी गेल्यावर बघू की."

"साइमा, ती होडी दोन वल्ह्यांची आहे. मी एकट्यानं नाही वल्हवणार. किती?"

"चार," मी म्हणाले. "साय घालून."

"आणि?" तो म्हणाला.