पुडीवरची टेकडी

“सूर्य तं तुम्हीच काढेल शे ना भाऊ? मंग माले काबर रागावतस?” खाटेवरून पार्वताबाई म्हणाली.

धरणगावच्या त्या धर्मादाय दवाखान्यात रुपचंदभाऊ एकोणतीस वर्षं औषधं वाटत होते. वाचता न येणाऱ्यांसाठी पुड्यांवर मारायला त्यांनी हौसेनं रबरी शिक्के करून घेतले होते. टेकडीमागे अर्धा सूर्य म्हणजे सकाळ, चंद्रकोर म्हणजे रात्र. पार्वताबाईनं मधुमेहाची सकाळची गोळी सांजेला घेतली, तीही एकादशीच्या उपाशीपोटी, आणि अंगणातच कोसळली.

“अहो अक्का, तो उगवतीचा सूर्य आहे!”

“आम्हना गावमा उगवतीले टेकडी कोठे शे? टेकडीमांगे तं दिन बुडस.”

शेजारच्या खाटेवरची बाई फिसकन हसली.

डॉक्टर मेघा हळूच म्हणाल्या, “काका, आज यांना सोडतेय. घरी एकट्याच असतात. पुन्हा चुकल्या तर उचलायलाही कोणी नाही.”

रुपचंदभाऊ कीर्तनात टाळ धरत. दृष्टांत संपला की बुवा शेवटच्या रांगेकडे बघत. तिथली मान डोलली तरच पुढचा चरण. आपण शिक्के केले, पण मान डोलते का ते कधी बघितलंच नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं.

कोरी पुडी आणि पेन घेऊन ते खाटेपाशी बसले.

“चुकनू मी, अक्का. आता तुम्हीच सांगा. सकाळ म्हणून काय काढू? चहा?”

“चहा तं सांजले बी होस.”

“कोंबडा?”

“मन्हं कोंबडं भर दुपारले आरवस. येडं शे ते!”

“मग फक्त सकाळीच काय करता?”

“सडा टाकस. दुसरं काय!”

त्यांनी अंगणात सडा टाकणारी बाई काढली, खाली भाकरी आणि गोळी. पुडी आधी शेजारच्या खाटेवरच्या बाईला दाखवली, काही न सांगता.

“सडा टाकानं, भाकर खावानी, मंग गोयी,” ती बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधाच्या खिडकीपुढे रांग लागलेली असताना पार्वताबाईचा फोन आला.

“भाऊ, सडा टाकी दिधा. आते गोयी खास.”

“आधी भाकर, अक्का.”

“खास ना. तुम्ही ठेवा फोन.”

त्यांनी ठेवला नाही. पलीकडे भाकरी मोडल्याचा आवाज आला, मग सावकाश चावणं. रांगेतला एकजण खाकरला. रुपचंदभाऊंनी त्याला हातानंच थांबवलं आणि पाण्याचा घोट ऐकू येईपर्यंत फोन कानाशी धरून ते उभे राहिले.