केवळराम काकांनी पकडणं सोडलं

पंधरा ऑगस्टला मी भाषण केलं आणि गावाचा एक नियम बदलला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं.

सातवीपर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करत नव्हते. उत्तर येत असलं तरी बाकाखाली हात दाबून बसायची. आठवीत साधना मॅडम आल्या. त्यांनी मला फळ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "तृप्ती, मनात जे बोलतेस तेच जरा मोठ्यानं बोल." तेव्हापासून मी थांबलेलीच नाही. आता मी नववीत आहे आणि आई म्हणते, मॅडमनी नळ सुरू करून दिला अन् चावी घेऊन गेल्या.

भाषणाचा विषय होता 'कडक शिक्षा, सुरक्षित समाज'. मी बाजू अशी मांडली की समोरच्या ओळीतल्या सरपंच विमलाबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. शेवटचं वाक्य होतं, "जिथे भीती असते, तिथे चोरी नसते." त्यावर इतक्या टाळ्या पडल्या की मी तेच वाक्य पुन्हा म्हणून घेतलं.

झेंडावंदन झाल्यावर तिथेच ग्रामसभा भरली आणि विषय निघाला तलावातल्या मासळीचा.

आमचं गाव आंधळगावपासून सायकलनं वीस मिनिटं. गावाला मोठा तलाव आहे, तो मच्छीमार सोसायटीकडे असतो. पावसाळ्यात ते मासळीचं बीज सोडतात आणि डिसेंबरपासून जाळं टाकतात. त्यावर वीस-बावीस घरं चालतात. पण गळ आणि छोटी जाळी घेऊन चोरून मासे नेणारे वर्षभर असतात. म्हणून सोसायटीनं केवळराम काकांना राखणदार ठेवलेलं. काकांचा गुडघा गेलेला आहे, धानाच्या रोवणीला वाकता येत नाही. चौदा वर्षं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, काठी घेऊन फिरणं हेच त्यांचं काम.

जुना नियम साधा होता. जो सापडला त्यानं एक दिवस पाळीवरचं बेशरम उपटायचं. ही झाडं वाढतात भराभर आणि त्यांची मुळं पाळ पोखरतात. चोर दिवसभर उन्हात बेशरम उपटायचा, येणारेजाणारे म्हणायचे, "काय गा, जातभाई भेटले का?" संध्याकाळी विषय संपायचा. काका आठवड्याला एखादा तरी पकडायचेच.

सोसायटीचे अध्यक्ष मारोतराव त्या दिवशी म्हणाले, "एक दिवस बेशरम उपटते अन् दुसऱ्या दिवशी गळ घेऊन पुन्हा हजर. याले शिक्षा म्हणाची का सहल?"

"आत्ताच पोरीनं सांगितलं ना," विमलाबाई म्हणाल्या. "भीती पाहिजे."

मग ठरलं. यापुढे जो सापडेल त्याला थेट पोलीस ठाण्यात न्यायचं आणि तक्रार द्यायची. माफी नाही, कोणाचा पोरगा आहे ते पाहायचं नाही. केवळराम काकांनी एवढंच विचारलं, "सापडला तं मीच न्यावं लागन का जी?"

"मंग का मी नेऊ?" मारोतराव म्हणाले आणि सगळे हसले.

आठवड्याभरात तलावाशी नव्या नियमाची पाटी लागली. खाली माझं वाक्य, पिवळ्या रंगात. मी तिच्याजवळ उभी राहून फोटो काढला, तो आमच्या सगळ्या नातेवाइकांकडे आहे.

आणि नियम लागू पडला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली. एकही चोर सापडला नाही. वर्गात मी कितीदा सांगितलं असेल की बघा, आमच्या गावात शून्य. मैत्रीण रिता तर म्हणायला लागली, "तू आता जिल्ह्याची एसपीच होऊन जाय."

डिसेंबरच्या सुरुवातीला आमची सकाळची जादा शिकवणी सुरू झाली. एका सकाळी इतकं धुकं होतं की मी सायकल हातात धरून पाळीवरून चालत निघाले. पाटीच्या पलीकडून काकांचा आवाज आला.

"प्रितम, पिशवी दाखव."

प्रितम माझा मोठा भाऊ. एकवीस वर्षांचा. पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे गावातली पोरं घेऊन धावायला जातो. त्यानं पिशवी उघडली. आत दोन रोहू होते, चांगले हातभर.

"काका, भंडाऱ्याच्या ग्राउंडवरचे सर म्हणते प्रोटीन खा म्हणून," प्रितम दादा खाली पाहत म्हणाला. "रोज रोज अंडे कुठून आणू?"

"तं सोसायटीचं प्रोटीन खातं का?" काकांनी काठी टेकली. मग म्हणाले, "पहिले असतं तं तुले आज दिवसभर बेशरम उपटाले लावलं असतं. आता काय करू? ठाण्यात नेलं तं तू वर्दी घालशीन का कोर्टाच्या चकरा मारशीन? जाय. मेलेले मासे पाण्यात टाकून तरी काय होते, घेऊन जाय."

दादा पळाला. काका वळले तर समोर मी.

"तू शाळेत जाऊन राहिली ना?" ते म्हणाले. "मंग जाय."

मी गेले. शिकवणीत काय शिकवलं ते विचारू नका. त्याआधीच्या महिनाभरात आमच्या घरी तीनदा रोहूचा रस्सा झाला होता. मित्राच्या बांधीत सापडले, असं दादा म्हणायचा. बांधी म्हणजे धानाचा वाफा. पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की मासे बांध्यांत जातात आणि ज्याची बांधी त्याचे मासे, असं आमच्याकडे आहेच. पण दिवाळीनंतर बांध्या कोरड्या असतात, हे घरात एकालाही सुचलं नाही. तिन्ही वेळा माशाचं डोकं मी मागून घेतलं होतं.

मी गप्प बसले. एकदाच झालं असेल, असं मनाला सांगितलं.

पंधरा दिवसांनी सोसायटीचं पहिलं मोठं जाळं पडलं. मागच्या वर्षीच्या निम्मीही मासळी निघाली नाही. आंधळगावच्या बाजारात मासे विकणाऱ्या कौशल्याबाई पाळीवर टोपलं उलटं ठेवून त्यावरच बसल्या. म्हणाल्या, "नियमानं चोर संपले म्हणता, मंग मासे काय उडून गेले?"

मारोतरावांनी हिशेब लावला. चोर सापडत नाहीत, मासे जातात, म्हणजे राखणदारच सामील. दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत केवळराम काकांना काढायचं आणि तेही चोर म्हणून, असं बोलणं सुरू झालं. चौदा वर्षं राखण केलेल्या माणसाला दुसऱ्या गावात तरी कोण उभं करणार?

मी काकांकडे गेले. ते पाळीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"काका, किती जणांना सोडलं?"

"मोजाले लागलो तं गावची मतदार यादीच होईन."

"मग सांगून टाका ना. तुमच्यावर आळ येऊन राहिला."

"सांगितलं तं नावं सांगा लागतीन." त्यांनी गुडघा हलवून पाहिला. "बेशरम उपटाले पोराले देता येते, पोरी. ठाण्यात नाही देता येत. नियम झाल्यावर पहिल्याच आठवड्यात एक सापडला होता. त्याच्या लग्नात मी पंगत वाढली, जेवलो. त्याले सोडलं. मंग दुसऱ्याले कोणत्या तोंडानं धरू? पोट्ट्याईले बरोबर समजलं, बुढा आता धरत नाही. पहिले एक पिशवी न्यायचे, आता दोन नेतात."

मी घरी येईपर्यंत माझं पिवळं वाक्य डोक्यात उलटसुलट होत राहिलं. भीती होती ना. फक्त ती चोराला नव्हती, पकडणाऱ्याला होती.

पंचवीस तारखेला संध्याकाळी दादा अंगणात बूट घासत होता.

"उद्या मी ग्रामसभेत बोलणार आहे," मी म्हटलं.

त्याचा ब्रश थांबला. "माझं नाव घेशीन?"

"मग काका कसे वाचणार?"

"तक्रार झाली तं भरती गेली, तृप्ती. पडताळणीतच बाहेर. दोन वर्षं धावून राहिलो मी."

"आणि काकांची चौदा वर्षं?"

"तुले भाषणच कराचं असते," तो म्हणाला आणि पुन्हा बूट घासायला लागला. बूट केव्हाच चमकले होते.

मला ते लागलं. कारण त्यात थोडं खरं होतं.

सव्वीस जानेवारीला मी कागद लिहून नेला नाही. मारोतरावांनी ठराव मांडला. काका मागे भिंतीला टेकून बसले होते, पाय लांब करून, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट चालली आहे. मी हात वर केला.

"हे मतदार नाही," कोणीतरी म्हणालं.

"हिच्या भाषणावर नियम केला तेव्हा होती का मतदार?" विमलाबाई म्हणाल्या. "बोल वो बाई."

मी उभी राहिले. म्हटलं, "पंधरा ऑगस्टला मी जे बोलले ते अर्धंच होतं. नियम इतका कडक झाला की काकांना पकडवेना. त्यांनी मासे खाल्ले नाहीत, त्यांनी माणसं सोडली. एकाला सोडताना मी स्वतः पाहिलं. तो..."

आणि माझा आवाज गेला. अगदी सातवीतल्यासारखा. सगळे माझ्याकडे पाहत होते. घरातली दोन माणसं समोर बसलेली, आई आणि बाबा. बाबा वरठीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आले होते.

"मी होय तो," मागून दादा म्हणाला. तो भरतीच्या पोरांमध्ये उभा होता. बाकीची पोरं एकदम जमिनीकडे पाहायला लागली.

मग मारोतराव म्हणाले, "झालं तं मंग. नियम तो नियम. याले न्या ठाण्यात."

"कोण नेते?" विमलाबाईंनी विचारलं.

कोणी हाललं नाही.

"मारोतराव, तुमीच न्या ना," कौशल्याबाई म्हणाल्या. "माये मासे गेले, मले राग हाय. पण मी काही याले घेऊन जात नाही. याच्या मायच्या बाजूले बसून रोवणी केली मी. तुमी न्या, तुमची गाडीपण हाय."

मारोतरावांनी प्रितम दादाकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहिलं. बाबांनी अजून कारखान्याचा डबा हातातून खाली ठेवला नव्हता. मारोतरावांनी खिशातली किल्ली काढली, हातात घेतली आणि पुन्हा खिशात ठेवली.

"तेच मी म्हणतो जी," काका मागून म्हणाले. सभेत ते तेवढंच बोलले.

त्यानंतर तासभर कलकल झाली. शेवटी ठरलं ते असं. पुन्हा बेशरम, पण एक नाही, तीन दिवस. काका ज्याला पकडतील त्याला कोणी सोडवायला यायचं नाही. तोच माणूस दुसऱ्यांदा सापडला तर ठाणं आणि तेव्हा न्यायला अध्यक्ष सोबत जातील. काका होळीपर्यंत राहतील, पुढच्या जाळ्यात काय निघतं ते पाहून बोलू. कौशल्याबाई उठता उठता म्हणाल्या, "माये गेले ते मासे काही परत येत नाहीत, हे ध्यानात ठेवा म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून दादा पाळीवर. पहिले दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. आईसुद्धा बोलली नाही, फक्त ताट जरा जोरात ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून येताना थांबले तर तो म्हणाला, "उभी राहून काय पाहून राहिली? पाणी आण." मी आणलं. त्यानं पिऊन बाटली परत दिली आणि म्हणाला, "भरतीत गोळाफेक असते. हे उपटून दंड भल्ले तयार झाले." माफ केलं की नाही ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

काका आता पकडतात. पहिल्या पंधरवड्यात सहा जण सापडले. पहाटे शिकवणीला जाताना "पिशवी दाखव" असं लांबून ऐकू येतं आणि तो आवाज चांगला दणदणीत झाला आहे.

सातवे सापडले ते मारोतरावांचे जावई. तुमसरहून पाहुणे आलेले, सकाळी फिरायला म्हणून गळ घेऊन गेले. जावई म्हणजे आमच्याकडे पाट-पाणी, मान-पान, पण काकांनी त्यांना विळा दिला आणि जागा दाखवली. दहा वाजता मारोतराव स्वतः थर्मास घेऊन पाळीवर आले.

"केवळराम, पाहुणे होत ना," ते हळूच म्हणाले. "चहा तं पिऊ दे."

काकांनी उपटलेल्या बेशरमाचा ढीग काठीनं ढोसून पाहिला.

"तेवढी ओळ झाली की पिऊ जी," ते म्हणाले. "तुमी बसा."

आणि मारोतराव बसले.