तीनचं सहा

शिकलेल्या माणसाने घरात शास्त्र सांगू नये. सांगायचंच तर पुरतं सांगावं. ताईने अर्धंच सांगितलं.

ताई कातडी कमावण्याच्या कारखान्यात केमिस्ट. धाकटी लॉन्ड्री चालवते. तिच्या पाणी तापवायच्या भट्टीला जळण म्हणून कारखान्यातली चामड्याची कात्रणं ताईनेच मिळवून दिली.

"यात ते कातडी कमावायचं क्रोमियम असतं ना गं?" धाकटीने विचारलं होतं.

"असतं, पण तीनवालं," ताई ऐटीत म्हणाली. "एरवी तीन तिघाडा काम बिघाडा, पण क्रोमियमचं उलटं. तीनवालं म्हणजे गरीब गाय, बसल्या जागची हलत नाही. वाईट असतं ते सहावालं."

पुढे जळत्या कात्रणांच्या वासाने मेव्हण्याचं नाक वर गेलं. त्यावरचा तोडगाही ताईचाच, फोनवरून सांगितलेला. "भट्टीत मूठभर चुना टाकत जा. वास मरेल."

वास मेला. चुना, आच आणि हवा एकत्र आली की तीनचं सहा होतं, हे ताईला पाठ होतं; एकेकाळी परीक्षेत तिने ते लिहिलंही होतं. पण फोनवर प्रश्न वासाचा होता, म्हणून तिने उत्तरही वासाचंच दिलं. बहिणीला चुना लावणं म्हणतात ते हे.

सुट्टीच्या दिवशी ती लॉन्ड्रीत गेली, तेव्हा धाकटीने दोन्ही हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर टोच्याने पाडावीत तशी गोल, खोल भोकं पडली होती.

"दुखतं?"

"नाही ना, तेच तर नवल! वन्संनी नवा साबण आणून दिला, त्याचे हे प्रताप. डॉक्टरही म्हणाले, साबण असेल. चांगली खरडपट्टी काढून आले वन्संची. आता त्या घराची पायरी चढणार नाही."

ताईची नजर टबांकडे गेली. लख्ख घासलेले होते.

"हे कशाने घासतेस?"

"भट्टीच्या राखेने. काय सुरेख निघतात!"

ताईने चिमूटभर राख पेल्यात टाकली आणि वर पाणी ओतलं. तीनवालं असतं तर ते राखेतच बसून राहिलं असतं. सहावालं विरघळतं. पाणी बघता बघता पिवळंजर्द झालं.

आणि लाज वाटावी असा विचार तिच्या मनात आला. आळ साबणावर गेलाय, तर जाऊ दे. राख बंद कर एवढंच सांगू, हात बरे होतील. आपलं नाव कशाला यायला हवं? धाकटी पेल्याकडे पाहत होती. ताई करते ते बरोबरच असणार, अशा नजरेने. लहानपणापासून ती असंच पाहत आलेली. ताईला ती नजर सोसवेना.

"साबण नाही गं," ती म्हणाली. "माझा चुना. मी सांगितलेला. त्याने तीनचं सहा झालं आणि तू ते रोज हाताने चोळतेस. चूक माझी आहे."

धाकटी रागवेल, रडेल, निदान 'केमिस्ट कसली तू' असं तरी म्हणेल, याची ताई वाट पाहत राहिली. ते झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "भांडणाआधी मी वन्संना डबा भरून राख दिली होती. माझ्या ताईची युक्ती, म्हणून."

"मग?"

"भांडायला गेले तेव्हा त्यांनीही हात दाखवले. अशीच भोकं. मी म्हटलं, बघा, तुमच्याच साबणाने तुमचेही हात खाल्ले! त्या रडायला लागल्या गं. आणून दिला म्हणून माझी माफी मागितली त्यांनी."

ताईने चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालीस?"

"तुझ्या वन्संकडे. घर दाखव."

"काय सांगणार त्यांना?"

"आधी राख फेकायला सांगते," ताई म्हणाली. "मग चुना कुणाचा, ते."