फुंकर आणि माइकची पाठ

स्टुडिओत माणसं इतकी दाटली होती, की एकाला शिंक आली तर ती शेजाऱ्याच्या नाकातून काढावी लागली असती. मधोमध कंठगुरू महाराज. यांनी फुंकर घातली की बसलेला गळा उघडतो, अशी ख्याती. एका घोगऱ्या बाईंनी म्हणे फुंकरीनंतर असा सूर लावला, की पलीकडच्या इमारतीतली कपबशी तडकली. कपबशी कुणी पाहिली नव्हती. तडा मात्र सगळ्यांना तोंडपाठ होता.

काचेपलीकडे ताई यंत्रांसमोर बसली होती. स्टुडिओ तिचा, रेकॉर्डिंग तिचं, आणि आज गळा तिच्या धाकट्या बहिणीचा. धाकटीच्या स्वरतंतूवर गाठ होती. ऑपरेशन लांबवलंत तर गाणं विसरा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. धाकटीनं फुंकरीची वाट धरली. समजावून समजावून ताईचाच घसा बसायची पाळी आली होती.

माइक गुरूंच्या शिष्यानंच लावला; परक्या हाताचा दोष लागतो म्हणे.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," कंठगुरू म्हणाले, "यंत्रावर ठेवा. त्याला ना भक्ती, ना भीड."

धाकटी गायली. स्पीकरमधून आवाज आला तो विहिरीच्या तळातून आल्यासारखा. मग गुरूंनी गळ्यावर फुंकर घातली. शिष्यानं माइकवरचा दोष रेशमी फडक्यानं पुसला आणि स्टँड जरा पुढे सरकवला. धाकटी पुन्हा गायली. या वेळी आवाज असा भरदार, की लोकांनी डोळे पुसले. ठरलेलं ऑपरेशन आता नको, असं दवाखान्यात कळवायला धाकटीनं फोन काढला.

ताई जड पायांनी आत आली. "फोन नंतर कर. आधी महाराजांना गाऊ दे."

महाराज आढेवेढे घेऊ लागले, पण गर्दीनंच त्यांना पुढे ढकललं. ताईनं माइक उलटा फिरवला, स्टँड मागे नेला. स्पीकरमधून महाराज डबीत कोंडलेल्या डासासारखे गुणगुणले. कुणीतरी फिसकन हसलं.

"शंकेनं कृपा उडाली," ते पुटपुटले.

ताईनं माइक होता तसा केला. "म्हणा आता." कृपा लगेच परत आली.

ताई थकल्या आवाजात म्हणाली, "या माइकला कान एकाच बाजूला आहे. जाळी दोन्हीकडे सारखी दिसते, म्हणून कळत नाही. पाठीकडून लांबून गायलं की आवाज पोकळ येतो, समोरून जवळ गायलं की खर्ज फुगतो. दोष पुसताना शिष्यानं माइक फिरवला. फुंकरीनं काही केलं नाही."

मग तिनं धाकटीच्या कानावर हेडफोन चढवला आणि तोच भरदार आवाज लावला. वरच्या सुरापाशी, त्या सगळ्या जाडीखाली, खरखर होती.

धाकटीनं हेडफोन काढला. "आहेच गं ती."

"आहे. फुंकरीआधी होती, नंतरही आहे."

गर्दी पांगली. तरी एका गृहस्थानं जाता जाता फुंकरीसाठी गुरूंपुढे गळा ताणलाच. ताईला हसूही आलं नाही. तिनं त्याला एवढंच सांगितलं, की हात जोडायच्या आधी नीट बघा, फुंकरीच्या आधी आणि नंतर आणखी काय काय हललं ते.

धाकटीनं फोन लावला. ऑपरेशन ठरल्या दिवशीच करा म्हणाली, आणि सोबत कोण येणार असं विचारल्यावर तिनं ताईकडे पाहिलं.