चौदा कॅरेटची फुलं

सतरा वर्षं आमच्या वस्तीत मी खोटं सोनं देणारी बाई म्हणून ओळखली गेले. कोणाच्या लग्नात पितळेचा गडवा, म्हणजे तांब्या, आहेर केला, तर बायका त्याच्यावर नखानं टिचकी मारून आवाज ऐकायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. ते सोनं खरं होतं. कसं, ते सांगते.

शामला माझी एकुलती मुलगी. ती चार वर्षांची असताना तिचा बाप गेला. मी विड्या वळून तिला वाढवलं. माझ्या आईच्या कानात जन्मभर गिलट होतं. गावात आमच्या बायकांनी सोनं घातलेलं पाटलाला खपायचं नाही. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच मी मनाशी ठरवलं, माझ्या पोरीच्या कानात सोनंच घालायचं. तोवर तिच्या टोचलेल्या भोकांत कडुनिंबाची काडी होती.

चौसष्ट साली तिचं लग्न नागपुरातच, जरीपटक्यात ठरलं. मी इतवारीच्या सराफ्यात मारोतराव सोनारांकडे कानातली फुलं घडवायला टाकली. तेव्हा सरकारचा कायदा होता, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही. मारोतरावांनी आधीच सांगितलं की चोवीस भागांत दहा भाग दुसरा धातू राहील, पण फसवणूक नाही. मला एवढंच कळलं की सोनं आहे.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी शामला आली आणि कान खाजतात म्हणाली. मी म्हटलं, नवी आहेत, खोबरेल लाव, थोडं सहन कर, पण काढू नको. ही माझी चूक. ती मी कोणावर ढकलत नाही.

महिन्याभरानं विहिणीचा निरोप आला. तुळसाबाई तिचं नाव. मी गेले तर माझी मुलगी अंगणात नळापाशी एकटी बसलेली. कानाच्या पाळ्या लाल, जाड सुजलेल्या, त्यातून पाणी गळत होतं. समोर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, थाळी आणि गिलास, घरातल्या भांड्यांपासून वेगळे. शेजारच्या बायका पाण्याची गुंडं घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यादेखत तुळसाबाई म्हणाली, हा महारोग आहे, पाळ्या जाड झाल्या म्हणजे तोच, आणि आजच्या आज पोरीला घेऊन जा. जावई वसंत मॅट्रिक झालेला. तो पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर रेघा ओढत राहिला.

मी शामलाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाळीला, हाताला सुई टोचून पाहिली. दर वेळी ती कळवळली. डॉक्टर म्हणाले, महारोगात टोचलेलं कळत नाही. हिला फुलांमधला धातू सोसत नाही, फुलं काढली की कान बरे होतील. तसं त्यांनी कागदावर लिहूनही दिलं. तरी परतताना मी तिच्या कानातली फुलं काढून घेतली, तिला रिक्षातच बसवलं आणि एकटी इतवारीत उतरले. मारोतरावांनी फुलं दगडावर घासून पुन्हा पाहिली. चौदा म्हणजे चौदा.

कागद घेऊन मी तुळसाबाईपुढे उभी राहिले. तिनं तो हातातसुद्धा घेतला नाही.

"कागद कोणीबी लिहून देते. सोन्यानं कोणाचा कान सडते का वं इहीनबाई? एक तं फुलं खोटी हायेत, नाही तं पोरगी सडकी. काय ते एक बोला."

फुलं खरी आहेत म्हणाले असते, तर पोरगी तिथल्या तिथे महारोगी ठरली असती. एकदा ते नाव लागलं की नागपुरात तिला पुन्हा कोणी दारात उभं केलं नसतं.

"फुलं खोटी हायेत," मी गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. "पितळेवर सोन्याचं पाणी देऊन आणली. मीच फसवलं तुमाले."

आणि कोणी तपासायला मागायच्या आत मी मुठीतली फुलं पदरात घेऊन घट्ट गाठ मारली.

किती लवकर विश्वास बसला सगळ्यांचा. डॉक्टरच्या कागदावर बसला नाही, पण आईनं पोरीला फसवलं यावर लगेच बसला. वसंतनंही मान वर केली. थाळी घरात गेली. शामलाच्या कानात पुन्हा कडुनिंबाची काडी आली. दहा दिवसांत कान बरे झाले, आणि मी लबाड असल्याचा गल्लीला पुरावाच मिळाला.

शामलालाही मिळाला. तिच्या मुलीसाठी, जयासाठी मी चांदीचे वाळे नेले तेव्हा तिनं ते हातात घेऊन बघितलेही नाहीत. राहू दे आई, म्हणाली. मी तिला खरं सांगितलं नाही. एखाद्या भांडणात तिच्या तोंडून ते निघालं असतं आणि थाळी पुन्हा नळापाशी आली असती.

मग एक्याऐंशी साल आलं. जया बारा वर्षांची झाली. तुळसाबाईनं हौसेनं महाल बाजारातून तिला टॉप्स आणले. आठ दिवसांत पोरीचे कान सुजले, तसेच लाल, तसेच जाड. तुळसाबाई स्वतः तिला रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेली. त्या दोघी परत आल्या तेव्हा मी शामलाकडेच होते. तुळसाबाई पदरानं वारा घेत म्हणाली की काही नाही, ॲलर्जी आहे, काही लोकांना धातू सोसत नाही, टॉप्स काढले की झालं. तो दुसरा शब्द कोणी उच्चारला नाही. एक भांडं इकडचं तिकडे झालं नाही. उलट नातीच्या भातावर तिनं तूप जास्त वाढलं.

मी विचारलं, "मंग शामलाले काय झालं होतं?"

"तिची गोष्ट अलग हाय. तुमची फुलं खोटी होती. तुम्हीच तं बोलल्या."

मी घरी गेले, पेटीतून फुलांची पुरचुंडी काढली, परत आले आणि तुळसाबाईला न् शामलाला रिक्षात बसवून इतवारीत नेलं. मारोतराव आता थकले होते, पण दुकानात बसत होते. त्यांनी फुलं दगडावर घासली, तेजाबाचा थेंब टाकला. दगडावरची सोन्याची रेघ गेली नाही; पितळ असतं तर विरली असती.

"चौदा कॅरेट," ते म्हणाले. "माह्याच हातचं काम हाय, बाई."

शामलानं फुलं त्यांच्या हातातून घेतली.

"तू मले काहून नाही सांगतलं?"

"तुही थाळी नळापाशी होती," मी म्हटलं.

परतीच्या वाटेत ती माझ्या अंगाला टेकून बसली. तुळसाबाई हळूच म्हणाली, "बरं, खरी होती म्हणा."

मी गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवायला लावली. नळावर बायका होत्या. सतरा वर्षांपूर्वीच्या काही जणी अजून त्यांच्यात होत्या.

"उतरा इहीनबाई," मी म्हटलं. "इथं बोला, मोठ्यानं बोला. मी मोठ्यानं बोलली होती."